मोडीत निघालेली मापं

तागडी. दोन पारड्यांची, दोऱ्यांनी टांगलेली. यादीत ती पहिली, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी तिच्यातून निघाल्या आहेत. जवळ एकही वजन नसलं तरी तागडी एक काम बिनचूक करते: ढिगाचे दोन सारखे भाग. त्यातला एक बाजूला ठेवला आणि उरलेल्याचे पुन्हा दोन केले की पाव होतो. तिसऱ्या खेपेला अदपाव, चौथ्या खेपेला छटाक, म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा. पाच सारखे भाग मात्र असं नुसतं निम्मं करत जाऊन पाडता येत नाहीत, आणि म्हणून दहाही नाहीत. शेराच्या सोळा छटाका, रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, या सगळ्या आकड्यांच्या मागे हे निम्मं करणं आहे. धान्य मापायची भांडीही त्याच वाटेनं गेलेली: शेराचं निम्मं मापटं, मापट्याचं निम्मं चिपटं, मग कोळवं, मग निळवं. चार वेळा अर्धं केलं की पुन्हा सोळावा हिस्सा.

हे फार जुनं आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथं चर्ट दगडाची घोटीव, चौकोनी वजनं मिळाली आहेत. लहान वजनांची चढण १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी आहे, आणि त्यातलं सर्वांत जास्त सापडणारं वजन साधारण १३.७ ग्रॅमचं. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी तागडीपुढं बसून निम्म्याचं निम्मं करत होतं, त्याचा हा पुरावा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. शेर आणि मण त्यानंतरच्या काही वर्षांत गेले. आता वजन आकड्यात उमटतं. दुकानदार आकडा बघतो, गिऱ्हाईकही आकडाच बघतं. पारडं जड झुकलं की हलकं, यावरून होणारी बोलाचाली संपली.

पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. हे पाढे. पूर्णांकांचे पाढे शाळेत अजून आहेत, हे अपूर्णांकांचे गेले. औटकी साडेतीनची. दिवेलागणीला परवचा म्हणताना स्तोत्रांपाठोपाठ हेही म्हणून घेत. त्यांचा उपयोग असा: पावणेतीन रुपये शेरानं साडेतीन शेर घेतले, तर किती द्यायचे? साडेतीन दुणे सात. साडेतीनचा पाऊण दोन रुपये दहा आणे. एकूण नऊ रुपये दहा आणे. कागद लागला नाही. आज हाच हिशोब २.७५ गुणिले ३.५ असा समोर आला तर बहुतेकांचा हात फोनकडे जातो. आकडेमोडीचा वेग गेला याचं मला फारसं वाईट वाटत नाही, यंत्र ते काम चांगलं करतं. वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट यांना ती मुलं दोन-तीन-चार इतकंच सहज ओळखत होती. अपूर्णांक म्हणजे दोन पूर्णांकांच्या मधली अडचण, असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. आमच्या पिढ्यांना अपूर्णांक पाचवीत भेटतो, तोवर त्याची भीती आधीच येऊन बसलेली असते.

उभ्या आणि आडव्या रेघा. जमाखर्चाच्या वहीत रुपयापुढं पाव, अर्धा, पाऊण यांसाठी एक, दोन, तीन उभ्या रेघा. ५॥। म्हणजे पावणेसहा. आण्याला आडवी रेघ. तीन आण्यांपर्यंत आडव्या, चार झाले की एक उभी. दोन उभ्या आणि तीन आडव्या म्हणजे अकरा आणे. चार-चाराच्या गटांनी चालणारी ही लेखनपद्धत मोडी दप्तरांत पानोपानी आहे. २००९ साली युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत भारतीय अपूर्णांकांची आणि हिशोबाची दहा चिन्हं दाखल झाली. म्हणजे संगणकाला ती आता ठाऊक आहेत. वाचणारी माणसं अभिलेखागारांत आणि मोडीच्या वर्गांत भेटतात, आणि त्या वर्गांना जाणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. अक्षर वाचता येऊनही रेघा वाचता आल्या नाहीत तर कागद अर्धाच कळतो. कुणी कुणाला पैसे दिले ते समजतं, किती दिले ते राहून जातं.

भरतीचा हिशोब. कोकणकिनाऱ्यावरचा. तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून, तसा हिशोबही. दिवसा जी वेळ, जवळपास तीच रात्री.

एवढ्या छोट्या नियमात किती बसलंय ते पाहण्यासारखं आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं सरकतो. पृथ्वीला स्वतःभोवती बारा अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. म्हणजे भरती रोज साधारण तेवढी उशिरा येणार. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. फरक तिथीमागं तीन मिनिटांचा. पंधरवड्याच्या अखेरीला तो साठत पाऊण तासापर्यंत जातो, पण तोवर पौर्णिमा किंवा अमावास्या येते आणि मोजणी नव्यानं सुरू होते. चूक वाढू लागली की नियम स्वतःला पुन्हा जाग्यावर आणतो. अशी रचना ज्यांनी केली त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, पण ते निरीक्षण शास्त्राचंच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर हा नियम चालतो कारण अमावास्या-पौर्णिमेला तिथं भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरते. दुसऱ्या किनाऱ्यावर, जिथं समुद्रतळाचा आकार वेगळा, तिथं तोच नियम जसाच्या तसा लागू पडणार नाही. तो त्या जागेचा आहे.

मुंबईत समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, आणि आज पावसाळ्याआधी महापालिका मोठ्या भरतीच्या तारखा मीटरच्या आकड्यांसह जाहीर करते. त्या अचूक असतात, शहराला त्या हव्यातच. पण कोळीवाड्यातल्या नव्या पिढीच्या हातात भरतीचं कोष्टक फोनवर येतं, तेव्हा तिथी लागत नाही, आणि तिथी लागत नाही म्हटल्यावर चंद्राकडं बघायची गरज उरत नाही. उधाण आणि भांग हे शब्द राहिले आहेत. चंद्र पुरा असताना उधाण आणि अर्धा असताना भांग, हे डोळ्यांनी जोडून घेणारे कमी होत चाललेत. इथं आधीच्या नोंदीतली पाउणकीही आठवावी. ती ज्याला पाठ, त्यालाच हा हिशोब चालत्या होडीत करता येत होता. एक पाढा गेला की त्याच्यावर उभ्या असलेल्या किती गोष्टी जातात, हे आधी कळत नाही.

मुंबईची वेळ. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबई १९५५ पर्यंत आपली वेळ सांभाळून होती. सूर्य शहराच्या डोक्यावर आला की बारा, हा तिचा अर्थ. आज मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बहुतेक दिवशी साडेबारा उलटून गेलेले असतात, आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही.

घटिकापात्र. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी हळूहळू भरते आणि बुडते. बुडायला लागतो तो काळ एक घटका, २४ मिनिटं. अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इ-त्सिंग यानं नालंदा विहारातल्या अशा पाणघड्याळाचं वर्णन करून ठेवलं आहे. आपल्याकडं लग्नघरी मुहूर्ताची घटका भरत आली की भटजी त्या वाटीवरून नजर हलवत नसत.

ही वाटी साधी दिसते पण तिच्यात एक फार चांगला विचार आहे. भांड्याच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर गळू दिलं, तर भांडं भरलेलं असताना धार जोरात पडते आणि पातळी उतरेल तशी मंदावते. काळ सारखा मोजला जात नाही. घटिकापात्रात उलट. बाहेरचं पाणी आणि वाटीतलं पाणी यांच्या पातळीत जो फरक राहतो तो वाटीच्या वजनावर ठरतो. ती जसजशी भरते तसतशी खाली जाते, आणि हा फरक थोडाच बदलतो. आणि प्रत्येक वेळी वाटी पुन्हा तेवढ्याच वेळात बुडते, कालमापनाला हवं असतं ते हेच. थंडीच्या पहाटे पाणी किंचित दाट वाहतं म्हणून बारीक भोकाच्या वाटीला थोडा जास्त वेळ लागणार. घड्याळ ज्या पाण्यात आहे त्या पाण्याचा स्वभाव त्याला लागतोच.

पंचांगात घटी-पळं अजून छापली जातात. वाट्या बहुतेक देव्हाऱ्याच्या फडताळात किंवा जुन्या बाजारात आहेत. तिथं त्यांच्यावर भोक पडलेली वाटी म्हणून भाव लागतो.

गुंज. लाल बी, टोकाला काळा ठिपका, वेलीवर शेंगेत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. बी सुकलं की वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही, म्हणून सोनाराच्या काट्यात तिला मान. एकेक बी कमी-जास्त भरतं, पण मूठभर घेतली की लहान-मोठ्यांचं आपोआप जुळतं. सरासरीचं तत्त्व सोनाराच्या डबीत होतं. बी फोडून पोटात गेलं तर जीवघेणं विष असतं, हे सांगायलाच हवं, कारण मुलं ती गोळा करतात.

याच नोंदीत चांदीचा रुपया. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारनं रुपयाचं वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम, ठेवलं होतं. ऐंशी रुपये म्हणजे एक शेर. दुकानदाराच्या शेरावर शंका आली, तर त्याच तागडीत एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात ऐंशी रुपये घालून शहानिशा करता येत होती. ऐंशी रुपये सर्वांकडं नव्हते हे खरं, पण पाच रुपये टाकून छटाक बघता येत होती. नाणं हेच वजन असणं ही मला या यादीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. माप पटलं नाही तर ते तिथल्या तिथं, आपल्या हातानं पडताळून पाहण्याची वाट त्यात होती. आज सराफाकडं तोळा म्हणजे दहा ग्रॅम.

हात, वीत, चार बोटं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीच्या सुरुवातीलाच मापांची कोष्टकं दिली आहेत: २४ अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस. संतांनी देहाला औट हात म्हटलं. ते प्रत्येकाला लागू पडतं, मूल असो की पहिलवान, कारण हात ज्याचा त्याचा.

मृग. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृगात जातो. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. पेरणी, लावणी, कोळपणी यांच्या वेळा यांच्यावर बेतलेल्या. पाऊस लांबला की म्हणतात, नक्षत्र कोरडं गेलं. अलीकडं ते पुष्कळदा म्हणावं लागतं.

हवामान बदललं हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आकाशातलं आहे आणि ते फार संथ आहे. पाऊस ऋतूंच्या वर्षाप्रमाणं येतो, नक्षत्रं ताऱ्यांच्या वर्षाप्रमाणं. या दोन वर्षांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे, कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत राहतो. वीस-वीस मिनिटं साठत जवळजवळ ७१ वर्षांनी एक दिवस होतो. आजच्या दिनदर्शिकेच्या भाषेत बोलायचं तर भास्कराचार्यांच्या काळी मृग मे महिन्याच्या अखेरीस लागत असला पाहिजे. शिवरायांच्या काळी तो जूनच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. आणखी हजार वर्षांनी तो जूनच्या शेवटच्या आठवड्याकडं पोचलेला असेल. म्हणजे पाऊस आणि मृग यांची गाठ कायमची कधीच नव्हती. काही शतकं ती छान जुळली, आणि आपण त्या शतकांच्या कडेला जन्मलो.

हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. केरोपंत छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग काढलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात सायन-निरयन वादाचा, म्हणजे पंचांग ऋतूंच्या वर्षावर चालवायचं की ताऱ्यांच्या, याचा कसून विचार केला. मेघनाद साहांच्या समितीनं ऋतूंना धरून चालणारं राष्ट्रीय पंचांग सुचवलं, ते २२ मार्च १९५७ पासून अमलात आलं. सरकारी राजपत्राच्या माथ्यावर ती तारीख असते. शेतावर पोचलेली नाही.

मृगाचा किडा. मखमली, लाल, पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर. पाय आठ, म्हणून कोळ्यांच्या आणि विंचवांच्या गोतातला. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो, पाऊस झाला की थोड्या अवधीसाठी वर येतो. दुसऱ्या किड्यांची अंडी खातो. फवारणीच्या रानात तो शोधावा लागतो.

सोळा आणे पीक. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीनं. आता पैसेवारी. ती पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ धरला जाई. सातबाऱ्यावर भावाभावांचे हिस्से मात्र अजून काही ठिकाणी आण्या-पैंत सापडतात. नाणं चलनातून गेलं तरी वाटणीतून जात नाही.

धूळपाटी. पाटीवर बारीक माती पसरून बोटानं किंवा काडीनं अंक काढायचे, पुसायचे, त्याच जागी पुढचे काढायचे. गणिताची सारी आकडेमोड अशी. दमास्कसमध्ये ९५२ च्या सुमारास अल्-उक्लीदिसी नावाच्या गणित्यानं याच हिंदी अंकांची रीत घेऊन असं मांडलं की धूळ सोडा, कागदावर करा, पायऱ्या टिकू द्या. धुळीत एक अडचण होती: उत्तर राहतं, वाट पुसली जाते. आपल्याकडच्या गणितग्रंथांत नियम श्लोकात आहेत आणि त्यांच्यामागची खटपट क्वचित आहे. त्याला ही पाटी थोडी जबाबदार असावी असं मला वाटतं. म्हणूनच गणेश दैवज्ञांचं महत्त्व. कोकणातल्या नांदगावच्या या माणसानं १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला आणि ग्रहगणितातून 'ज्या' (साइन) पूर्ण काढून टाकल्या, साध्या बेरीज-गुणाकार-भागाकारांवर पंचांग उभं केलं. १५४५ मध्ये लीलावतीवर टीका लिहून त्यांनी नियमांच्या उपपत्तीही दिल्या. पुढं कित्येक पिढ्या गावोगावचे जोशी त्या पुस्तकावरून ग्रहणं काढत होते. त्यांच्या जागी आता सॉफ्टवेअर आहे, आणि त्यांच्यापेक्षा ते अचूक आहे. तिथं पायऱ्या पुन्हा दिसेनाशा झाल्या आहेत.

किलो. होय, तोही. पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा म्हणजे किलो, ही व्याख्या २० मे २०१९ ला संपली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्या ठोकळ्याची ५७ क्रमांकाची प्रत आहे. आता किलो प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. ठोकळ्याला धूळ, झीज होती, स्थिरांकाला नाही. जगात कुठंही, कुणालाही तो तोच मिळेल. हा माणसाच्या विचाराचा मोठा विजय आहे असं मी मानतो. तो पडताळायला लागणारी यंत्रं मात्र जगात मोजक्याच प्रयोगशाळांत आहेत.

पायली. शेवटी ठेवली, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. चार शेरांची पायली. पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. मणाच्या पायल्या कुठं बारा, कुठं सोळा. आणि शेरच गावागणिक वेगळा, म्हणून पायलीही वेगळी. एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजारात खोटी. सावकाराच्या घरी घ्यायची पायली मोठी आणि द्यायची लहान, हे खेड्यापाड्यांत पिढ्यान्पिढ्या सोसलेलं आहे. शिगेनं भरायची की शीग पुसून, यावर धान्याचा केवढा भाग इकडचा तिकडं होई. कर्जदार कुणब्याला ती पडताळता येत नव्हती. म्हणून १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला तो न्याय होता, आणि जुन्या मापांवर जीव असलेल्या माणसानंही हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. रुपयाच्या वजनानं जे दिलं होतं ते पायलीनं गरिबाकडून काढून घेतलं होतं. सगळं जुनं एका रांगेत बसवून त्याची आरती करता येणार नाही.

तरीही पायल्या वितळवू नयेत. कोणत्या गावची पायली किती, हे ठाऊक असल्याशिवाय जुन्या कागदांतले सारे, कर्जं, दुष्काळातले भाव यांचा अर्थ लागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथं भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात बाजारातल्या मालाचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा ते मराठीत कोरलेलं आहे. असे हिस्से आजच्या मापात आणायचे तर त्या त्या ठिकाणचं माप हाताशी लागतं.

घरात पायली, मापटं, चिपटं असेल तर ते काठापर्यंत पाण्यानं भरावं आणि ते पाणी आजच्या काट्यावर तोलावं. जितके ग्रॅम भरेल तितके मिलिलिटर मापाचं पोट. तो आकडा, गावाचं नाव, तालुका, माप कुणाच्या घरचं, घ्यायचं की द्यायचं, शीग धरायची पद्धत काय होती, एवढं एका कागदावर लिहावं आणि कागद मापाच्या आतच ठेवावा. बुडाला ठोकलेला सरकारी शिक्का असेल तर त्याचंही चित्र काढावं. घरात ऐंशीच्या पुढची माणसं असतील तर हे या उन्हाळ्यातच करावं, कारण शीग कशी धरत ते कागदावर नाही, त्यांच्या तळहाताला माहीत आहे.